लोणारचं पाणी आणि शेवरबंदरचा कोट

नारायणा,

तुझ्या तेरवीला तू म्हणाला होतास त्याच्या दुप्पट माणूस आला. वरणाचं पातेलं दुसऱ्यांदा चढवावं लागलं. गोदावहिनी चुलीपाशी उभ्या राहून म्हणाल्या की मास्तरांचा अंदाज जन्मात कधी बरोबर आला नाही, आणि तेवढं बोलता बोलताच पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी तिथून बाजूला झालो, कारण मलाही तेच म्हणायचं होतं.

तू दिलेलं काम मी केलं. पंगत बसायच्या आधी तुझा कागद वाचला. आमचे आबा आले होते, पुढेच बसले होते. वाचल्यावर काय झालं ते सांगायलाच आज लिहायला बसलो आहे. पण तू मला कुठलीही गोष्ट कधी मधूनच सांगू दिली नाहीस. मुळापासून सांग, म्हणायचास. तर मुळापासून सांगतो, आणि या खेपेला मधे बोलू नकोस.

आपण दहा-अकरा वर्षांचे असू तेव्हा आबांनी आपल्याला बैलगाडीत घालून लोणारला नेलं होतं. काठावर उभं राहिलो आणि खाली ते हिरवट पाणी दिसलं. मी घाबरलो, तू खाली पळत सुटलास. आबा वरून हाका मारत राहिले. मी धापा टाकत खाली पोचलो तर तू ओंजळभर पाणी तोंडात घेऊन उभा होतास. घाण वास, कडू-खारट चव, मी लगेच थुंकलो. तू थुंकला नाहीस. गिळलंस आणि मला म्हणालास की समुद्र असाच असतो, याच्याहून मोठा इतकंच. मला ते पटलं. आपल्या साखरखेर्ड्यात समुद्र पाहिलेला माणूस होताच कुठे, तुला खोटं पाडायला?

आणि तसं पाहिलं तर त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात समुद्र बसला तो लोणारचाच. मोठा, खारा आणि जागच्या जागी. काठावरच्या दगडाला पाणी जिथे लागलेलं आहे तिथेच सकाळी, तिथेच संध्याकाळी. पुढे जे झालं ते त्या एका घोटामुळे झालं, असं मला आता वाटतं.

आमच्या घराला गाव हवालदाराचं घर म्हणतं. का, ते तुझ्यामुळेच आम्हाला नीट कळलं. देवघराच्या फडताळात एक तांबडा रुमाल होता. दसऱ्याला त्याच्यावर फूल आणि आपट्याची पानं ठेवायची, बाकी वर्षभर त्याला हात लावायचा नाही. आत मोडीतले कागद आहेत एवढं माहीत होतं, पण इतक्या जुन्या वळणाची मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. तू नॉर्मल स्कूल करून मास्तर होऊन गावात परत आलास, आणि पहिल्याच दसऱ्याला आबांनी तो रुमाल तुझ्या हातात दिला. पोटच्या लेकाला दिला नाही, तुला दिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट छाती फुगली होती माझी.

त्या कागदांतून सुभानजी हवालदार बाहेर आला. आमचा सहा-सात पिढ्यांमागचा पुरुष. सिंदखेडच्या बाजूची माणसं तेव्हा चाकरीला कुठल्या कुठे जायची, हा गेला तो थेट कोकणात, शेवरबंदरच्या कोटावर, आणि तिथे हवालदार, म्हणजे कोटाचा मुख्य झाला. तू वाचत गेलास आणि आम्ही ऐकत गेलो. खाडीच्या तोंडाशी एक खडक, त्या खडकावर एक लहानसा कोट. एवढा लहान की आपला गढीचा परिसर त्याच्याहून मोठा भरेल. पण त्याच्या पाठीशी बंदर होतं, आणि बंदरात भात, नारळ, मीठ, घोडे, काय नाही ते उतरायचं. कोटाच्या सात बुरुजांवरच्या तोफांनी तोंड वळवलं तर एक पडाव आत यायचा नाही. निशाणाच्या बुरुजावरचा माणूस शीड पाहून सांगायचा, गलबत आपलं की परकं. कोटाच्या चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर. हे वाचताना तू थांबलास आणि चष्मा काढून पुसत बसलास. आबांनी विचारलं काय झालं, तर तू म्हणालास, "आबा, खाऱ्या पान्यात गोडं पानी. देवानं काऊन ठेवलं असन तिथं?"  आबांनी हात जोडले.

आणि मग तुझं ते खळं. ज्वारीची मळणी उरकली की तू आमच्या खळ्यावर कोट मांडायचास, हाताला वीत धरून, मापशीर. कागदात हात दिले होते, तू दोरी घेऊन एकेक भिंत आखायचास आणि मी कडब्याच्या पेंढ्या आणून बुरूज उभे करायचो. दर्याबुरूज, निशाणाचा बुरूज, विहिरीची जागा, दरवाजा. तू दम्याने धापा टाकत दर्याबुरुजावर उभा राहायचास आणि मला हुकूम सोडायचास. खळ्याच्या बाहेर जे काही होतं, हरभऱ्याचं शेत, बोरी, गावाकडची वाट, तो सगळा समुद्र. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर मी सांगायचो, "मास्तरचा किल्ला हाय, पाय वर घे, बुडशीन." असे किती मोसम गेले. मला खरं सांगायचं तर त्या खळ्याइतकी सुखाची जागा मला दुसरी ठाऊक नाही.

कोटाचा शेवट मात्र तुला सतावत होता. शत्रूने बंदर कोंडलं, गलबतं बाहेर उभी केली, किनाऱ्यावर फौज आणली, आणि अमावास्येच्या दुसऱ्या पहाटे कोट पडला. कसा पडला, यावर दोन कागद होते. एक सबनिसाचा, म्हणजे कोटावरच्या लिहिणाऱ्याचा. त्यात कोटाची सगळी मोजदाद होती आणि साफ लिहिलं होतं की कोटाला चहूकडून पाणी, होडीवाचून कुणी येऊ शकत नाही. दुसरा कागद सुभानजीची कैफियत. त्याने लिहून दिलं होतं की शत्रूचे लोक पायी चालत दरवाज्याशी भिडले, आपली माणसं कमी होती, दरवाजा फुटला. शत्रूच्या होड्या कोटाला लागल्याचं कुठल्याच कागदात नव्हतं.

तू वर्षभर त्या दोन कागदांच्या मधे बसून होतास. मला विचारायचास, "पान्यावरून मानूस चालते काय बे?" मी हसण्यावारी न्यायचो. तू हसत नव्हतास.

गणपतीत शाळेच्या अंगणात तुझं भाषण झालं. सगळा गाव होता, मेहकरहून डिप्टीसाहेब आले होते, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्यात असा अभ्यासू मास्तर नाही म्हणून त्यांनी आधीच तुझी पाठ थोपटली होती. आबा पहिल्या रांगेत, नवा फेटा बांधून. तू शेवरबंदरचा सगळा इतिहास सांगितलास, आणि सांगितलास असा की बायकांच्या हातातल्या वाती वळायच्या थांबल्या. मग शेवटाला आलास. होडीवाचून कोटाशी येता येत नव्हतं, शत्रूची होडी तर आली नव्हती, म्हणजे दरवाजा बाहेरून फुटला नाही, तो आतून उघडला गेला आणि कोटाच्याच होडीने शत्रूला आत आणलं. आणि दरवाज्याची किल्ली हवालदाराकडे असते. पायी चालत आल्याची गोष्ट त्याने नंतर रचली. तू फितूर हा शब्द उच्चारला नाहीस. तो मागून कुणीतरी उच्चारला.

आबा उठले नाहीत. भाषण संपेपर्यंत बसले, आरती घेतली, घरी आले, फेटा उतरवून खुंटीला लावला. त्या दिवसानंतर ते चावडीवर गेले नाहीत. तुझ्याविषयी एक वाईट शब्द त्यांनी काढला नाही, आणि तुझं नावही काढलं नाही.

मी मात्र दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात येऊन जे नाही ते बोललो. आठवतं का तुला? मला सगळं आठवतं, म्हणून लिहीत नाही. तू बाजेवर बसून ऐकून घेतलंस आणि शेवटी म्हणालास, "गनपत, मैत्री वेगळी, कागद वेगळा. तुह्याजवळ कागद असन तं दाखव." माझ्याजवळ कुठला कागद असणार? मी रुमाल उचलून घेऊन आलो. दोन वर्षं तुझा उंबरा चढलो नाही. तुझ्या खोकण्याचा आवाज गल्लीच्या तोंडाशी यायचा तेव्हा मी उगाच बैलांना हाका मारत चालायचो.

जायचं ठरलं ते आबांमुळे. यंदा माघात खळं मोकळं पडलं होतं, कोट मांडायला कुणी नव्हतं. आबा खळ्याच्या कडेला बसून होते. म्हणाले, "तू जाऊन पाहून ये. सुभानजीनं अमावास्या लिहिली, तं अमावास्येलेच जाय. तो ज्या तिथीले होता, त्या तिथीले." तुझ्या भाषणात तू म्हणाला होतास की अमावास्या हे अंधाराचं निमित्त आहे. आबा शाळेत गेलेले नाहीत, पण पेरणीपासून लग्नापर्यंत तिथी पाहिल्याशिवाय त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. एखाद्याने तिथी लिहिली म्हणजे ती कशासाठी तरी लिहिली, एवढाच त्यांचा हिशेब.

मोटारीने शेगाव, शेगावहून गाडीने मुंबई, तिथून आगबोट. आगबोटीत मी आडवा पडून होतो, पोटातलं सगळं बाहेर आलं. पण सकाळी कठड्याला धरून उभा राहिलो आणि पाहिलं, आणि नारायणा, तिकडे पलीकडचा काठ नव्हता. लोणारला पलीकडचा काठ असतो, झाडं असतात, देवळाचं शिखर दिसतं. इथे नुसतं पाणी जात होतं, जात होतं आणि आभाळाला लागत होतं. मी डोक्यावरची टोपी काढली. का काढली ते मला सांगता येणार नाही.

शेवरबंदरला उतरलो तेव्हा अमावास्येची भर दुपार होती. समोर कोट होता. आणि तो मी ओळखला. कुणाला विचारावं लागलं नाही. हा दर्याबुरूज, हा निशाणाचा, दोन बुरुजांमधे थोडी वाकलेली ती भिंत, जिथे आपल्या खळ्यावर तू नेहमी दोरी सैल सोडायचास आणि मी म्हणायचो सरळ घे ना. ती खरंच वाकलेली आहे. साखरखेर्ड्यात बसून, धापा टाकत, कधीही न पाहिलेला दगड तू दगडाच्या जागी ठेवला होतास. तुझ्यावर चिडून आलेला माणूस मी, किनाऱ्यावर उभा राहून तुझं कौतुक करत होतो. 

पण चहूकडून पाणी होतं. किनारा आणि कोट यांच्या मधून एक मोठा पडाव शीड उभारून निघून गेला. एवढ्या पाण्यातून कोण चालत जाईल? मी एका उंडीच्या झाडाखाली जाऊन बसलो. तेव्हा मला तुझा राग आला नाही, सुभानजीचा आला. खोटं लिहायचंच होतं तर जरा बरं लिहायचं होतं, सहा पिढ्यांनी त्यावर फुलं वाहिली. आबांना काय सांगू, याचाच विचार करत होतो.

ऊन कलल्यावर एक कोळीण म्हातारी आली, कमरेला टोपली. माझ्या शेजारी येऊन बसली. कुठला म्हणून विचारलं. वऱ्हाड म्हटलं तर तिला ते गाव वाटलं. मी विचारलं ती कुठे निघाली, तर म्हणाली कोटाखाली तिसऱ्या काढायला, म्हणजे शिंपल्या. मी पाण्याकडे पाहिलं, होडी दिसेना. विचारलं, होडी कुठे आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपी नीट केली.

"होडी कशाला? सुकती लागली आहे. बस जरा, वाट उघडेल," म्हणाली.

मग ते झालं. कसं सांगू तुला? परत आल्यावर तीन आठवडे सांगत होतो तरी मला सांगता आलेलं नाही. आवाज नाही, घाई नाही. आधी एक दगड दिसला, मग त्याच्या शेजारी दुसरा. मग ओली रेती. मी शेतकरी माणूस, पाणी येताना पाहिलं आहे, पुरात गोठा गेला आहे आमचा. पाणी जाताना पाहिलं ते आटताना, महिन्या-दोन महिन्यांत, विहिरीच्या तळाला. पण एवढं पाणी, पडाव तरंगवणारं, कुणी न हाकता उठून परत निघतं, संध्याकाळी गुरं गावाकडे वळतात तसं, हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. घटकेभरात समोर वाट होती. काळ्या दगडांची, कालवं चिकटलेली, सरळ कोटाच्या दरवाज्यापर्यंत. म्हातारी उठली, लुगडं खोचलं आणि चालू लागली. मागून आणखी बायका आल्या, गप्पा मारत, बाजाराला निघाल्यासारख्या.

मी वहाणा काढल्या आणि त्यांच्या मागे निघालो. पाचशे चाळीस पावलं. मोजली, कारण न मोजता सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास. दरवाज्याची लाकडं गेलेली आहेत, अडसराची भोकं आहेत. भिंतीवर शेवाळाची रेघ होती, मी हात वर केला तरी तिला लागेना. म्हणजे मी उभा होतो तिथे दुपारी माझ्या डोक्यावर पाणी होतं, आणि पुन्हा येणार होतं. म्हातारीने सांगितलं की रोजची सुकती एवढी नसते, अमावास्या-पुनवेलाच वाट कोरडी होते, संध्याकाळी आणि पहाटे.

पहाटे, नारायणा. सुभानजीने सगळं खरं लिहिलं होतं.

आता जे सांगतो ते नीट ऐक, कारण ते मी तुला सांगितलेलं नाही. त्या उंबऱ्यावर उभा राहून मला आधी सुभानजी आठवायला हवा होता, आबा आठवायला हवे होते. दोन वर्षांचा राग घेऊन मी तिथवर गेलो होतो, आणि जिंकलो होतो. पण पहिलं जे मनात आलं ते एवढंच की नारायण इथे पाहिजे होता. जिंकल्याचं नंतर आठवलं. ते सगळं तुझं होतं, तो कोट, ती वाकडी भिंत, ते गेलेलं पाणी, आणि ते पाहायला देवाने मला पाठवलं होतं, ज्याला यातलं काही कळत नाही.

आणि गावात येऊन मी काय केलं? मोटारीतून उतरून घरी न जाता थेट तुझ्याकडे आलो. तू अंगणात, उंबऱ्यालगतच्या निंबाखाली बाजेवर उशाला टेकून बसला होतास. इतका वाळला होतास की मी क्षणभर दारातच थांबलो. दोन वर्षांनी आलेला मित्र, पाणी आणते म्हणून वहिनी आत गेल्या, आणि मी म्हणालो, "नाऱ्या, तू हरला बे."

तू म्हणालास, "काऊन?"

मी सगळं सांगितलं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं उबळ आली, वहिनी धावत आल्या. तू हात वर करून त्यांना थांबवलंस. मग डोळे उघडलेस.

"म्हंजे दोनी कागद खरे?"

"हाव. दोनी."

"सबनीस दुपारचं लिहून राह्यला, अन् सुभानजी पहाटचं," तू म्हणालास आणि हसायला लागलास. हसता हसता खोकलास, खोकता खोकता पुन्हा हसलास. वर्गात मोसंबं आणि दिवा घेऊन बावीस वर्षं तू पोरांना चंद्र, पृथ्वी आणि भरती-ओहोटी शिकवत होतास. मी स्वतः खिडकीबाहेरून ऐकलं आहे. भूगोलाच्या तासाला समुद्र रोज हलायचा, आणि इतिहासाच्या तासाला तो लोणारसारखा पडून राहायचा. तू सांगितलंस, "मले त्या मोसंब्यातलं पानी अन् कोटाचं पानी एकच हाय, हे सुचलंच नाही बे." लाज वाटल्यासारखं सांगितलं नाहीस. एखादं नवं वासरू झालेलं दाखवावं तसं सांगितलंस.

मग मला चालायला लावलंस. तुझी बाज म्हणजे कोटाचा दरवाजा. तिथून मी पाचशे चाळीस पावलं मोजत निघालो, अंगण, गल्ली, मारुतीचा पार, तुझ्या वडिलांचा वांग्याचा मळा, आणि नाल्याच्या बाभळींपाशी पावलं संपली. परत येऊन सांगितलं. तू मान वर करून त्या दिशेला पाहत राहिलास. "नाल्यापासून हितपर्यंत सारं पानी उठून जाते? अन् वापस येते? रोज?" मी म्हणालो रोज दोनदा, अमावास्या-पुनवेला पार तळापर्यंत. तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी तुझे डोळे लोणारच्या काठावर होते तसे झाले होते.

पुढचे तीन आठवडे तू दुसरं काही बोलला नाहीस. पंचांग मागवलंस आणि तिथीवरून सुकतीची वेळ काढायला लागलास. भर फाल्गुनात, समुद्रापासून इतक्या लांब, साखरखेर्ड्याच्या एका बाजेवर पडून तू वहिनींना सांगायचास की आता शेवरबंदरला सुकती लागली असेल. पोरं प्रश्नोत्तराच्या वह्या घेऊन यायची आणि समुद्र ऐकून जायची. माफी मात्र तू माझी मागितली नाहीस. मीही "हरला" म्हटल्याबद्दल काही बोललो नाही. आपण दोघेही त्या बाबतीत सारखेच.

आबांना तू निरोप पाठवलास, एकदा येऊन जा म्हणून. आबांनी उलटा निरोप दिला की आधी बरा हो, मग पाहू. ते आले नाहीत. यावर आता काही बोलून उपयोग नाही, त्यांचं ते त्यांना कळतं आहे.

दुरुस्तीचा कागद तू स्वतः लिहिलास, पाच-सहा दिवस लागले. मी म्हणालो पुढच्या गणपतीत तूच वाच. तू म्हणालास, "दुरुस्ती ऐकाले कोन येते बे? भाषनाले आले, कारन त्यात फितुरी होती. माह्या तेरवीले मात्र सारा गाव येईन. तवा तू वाच. जेवन वाढाच्या आंधी वाच, मंग कोनी उठून जात नाही." मी तुला शिव्या दिल्या. तू घडी करून कागद माझ्या बंडीच्या खिशात घातलास. शेवटच्या दिवशीही दुपारी तू मला सुकती लागल्याचं सांगितलंस, दुसऱ्या सकाळी उठला नाहीस.

तेरा दिवस तो कागद माझ्या खिशात होता आणि मला तो वाचायचा नव्हता. आबांचा फेटा पुन्हा डोक्यावर यावा म्हणून मी समुद्रापर्यंत गेलो होतो. पण मेलेल्या मित्राच्या दारात, त्याच्या बायकोसमोर, त्याच्याच जेवणाला आलेल्या लोकांना तो चुकला म्हणून सांगायचं? मी गोदावहिनींना म्हणालो की राहू द्या, पुढे कधी पाहू. त्या म्हणाल्या, "त्यायनं रात्रंदिवस खोकत लिहिला तो. वाचा भाऊजी. नाही वाचला तं मी वाचीन." आणि त्यांना वाचता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

म्हणून वाचला. तू सगळं स्पष्ट लिहिलं होतंस, भाषणातला एकेक मुद्दा घेऊन तो कसा चुकला ते. आवाज माझा होता, बोलणं तुझं. शेवटी तू लिहिलंस: "सुभानजी हवालदाराने लिहिले ते खरे आहे. मी समुद्र पाहिला नव्हता, आणि जे मी पाहिले नाही ते नाहीच असे मी लिहिले." त्याच्याखाली एक ओळ, की ज्यांना अजून खरं वाटत नसेल त्यांनी जेवणाआधी गणपतबरोबर चालून पाहावं.

कुणीतरी मागून पुटपुटलं, की पाणी काय पळत असतं होय. मग मी निघालो. बाहेर चैत्राचं ऊन, जमिनीला भेगा. मला वाटलं चार-दोन जण येतील. वळून पाहिलं तर अख्खी तेरवी मागे होती, बाया, बापे, वाढपी, आचारीसुद्धा. नाल्याच्या बाभळींपाशी थांबलो. म्हणालो हा किनारा. मास्तरचं दार म्हणजे कोटाचा दरवाजा. आता आपण परत जाऊ तसे शत्रूचे लोक पहाटे गेले. मधे, मळ्यापाशी, मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की इथे दुपारी दोन पुरुष पाणी असतं, आपण तळाशी उभे आहोत. सगळ्यांनी माना वर केल्या. नारायणा, सारा गाव मोकळ्या आभाळाकडे बघत उभा होता, आणि कुणी हसलं नाही. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. पुढे काही जण जरा भराभरा चालायला लागले, पाणी परत येईल म्हणून. तुला ते फार आवडलं असतं.

आबा काठी टेकत शेवटपर्यंत चालले. त्यांनी मला हात धरू दिला नाही. डोक्याला फेटा होता, तोच. तुझ्या उंबऱ्यापाशी पोचले, चौकटीला हात लावला आणि दम घेतला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, हवालदाराच्या घरचा माणूस काय बोलतो म्हणून.

"पोरगं चुकलं नोतं," आबा म्हणाले. "त्याले पानी कोनं दाखवलंच नोतं. मीच नेलं होतं त्याले, लोणारले." आणि ते तिथेच उंबऱ्यावर बसले, आणि तुझ्यासाठी रडले. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

माझी पावलं मी मोजतच आलो होतो. पाचशे चाळिसावं बरोबर उंबऱ्याशी पडलं. आत तुझी बाज भिंतीला उभी करून ठेवली आहे. मागे सगळा गाव उभा, पानं मांडलेली, वरण निवत चाललेलं. जे शेवरबंदरला पहिल्यांदा मनात आलं होतं, आणि निंबाखाली तुला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, ते मी त्या उभ्या बाजेला मोठ्याने सांगितलं.

"नाऱ्या, तू पायजे होता बे तिथं."